नामदेवांचं घर आणि नामदेवांचे सोबती

आपल्या दिंडीत नामदेवरायांचं नाव घेतल्याशिवाय एकही मुक्काम उठत नाही. काकड्यात त्यांचा अभंग, हरिपाठानंतर त्यांचा अभंग, आणि पंढरीला पोहोचल्यावर महाद्वारातली पहिली पायरीही त्यांचीच. कीर्तनात नाचणारा, देवाशी भांडणारा, देवाला जेवू घालणारा नामदेव आपल्या कन्हानच्या लहान लेकरांनाही ठाऊक आहे. पण हा माणूस भरल्या घरातला होता, आईबाप, बायको, बहीण, चार पोरं, लेक, चार सुना असा त्याचा पसारा होता, आणि जिवाला जीव देणारा मित्र म्हणूनही तो मोठा होता, याची चर्चा कमी होते. शंभर वर्षं पूर्ण करणारी दिंडी म्हणजे तरी काय? घरसंसार सांभाळून सोबत्याची सोबत न सोडणाऱ्या माणसांची रांगच ना! म्हणून या अंकात संत नामदेवांपेक्षा संसारी नामदेवांविषयी आणि सोबती नामदेवांविषयी लिहितो.

परंपरेने जन्म शके ११९२, कार्तिक शुद्ध एकादशी, म्हणजे इ. स. १२७०. घराणं नरसी बामणीचं, आजच्या हिंगोली जिल्ह्यातलं. वडील दामाशेटी, आई गोणाई, धंदा शिंप्याचा. नरसी हे गाव कयाधू नदीच्या काठी आहे. ही कयाधू पुढे पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, आणि वर्धा जाऊन वैनगंगेला भेटते. आपली कन्हान तर भंडाऱ्याकडे जाऊन वैनगंगेतच उतरते. म्हणजे नामदेवांच्या गावचं पाणी आणि आपल्या गावचं पाणी खाली चपराळ्याजवळ एक होतं आणि प्राणहितेच्या नावानं पुढे जातं. पुलावरून येता-जाता हे आठवावं.

दामाशेटी पंढरीचे नेमाचे वारकरी. पुढे कुटुंब पंढरपुरातच राहिलं. लहानग्या नामदेवांनी नैवेद्य नेला आणि देव जेवत नाही म्हणून हट्ट धरला ही गोष्ट सांगायला नको, ती सगळ्यांना येते. गोणाईची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. नवसासायासानं झालेला मुलगा. तो धंद्यात लक्ष घालत नाही, सुई-दोरा हाती धरत नाही, दिवसभर देवळात. आईनं काय करावं? गाथ्यात गोणाईच्या तोंडचे अभंग आहेत. त्यात ती सरळ विठ्ठलाशीच भांडते. माझा पोरगा मला परत दे, एवढंच तिचं म्हणणं. देव म्हणून भीड नाही, की मोठा म्हणून संकोच नाही. शेजाऱ्याच्या दारात जाऊन भांडावं तशी ती विटेसमोर उभी राहते.

नामदेवांचं लग्न लहानपणीच झालं. बायकोचं नाव राजाई. नारा, विठा, गोंदा आणि महादा असे चार मुलगे, लिंबाई लेक, आऊबाई बहीण. पुढे सुना आल्या. लाडाई, गोडाई, येसाई आणि साखराई. आणि गंगाखेडहून आलेली पोरकी जनाबाई. ती दळण-कांडणाला घरात राहिली, पण तिला कोणी परकं मानलं नाही. आपल्या अभंगाच्या शेवटी ती नामदेवांची दासी म्हणून स्वतःची ओळख लावते; पण नामदेवांच्या घरातल्या माणसांची नावं घेऊन त्यांना अभंगात बसवणारीही तीच. जनाबाई धरून पंधरा माणसं, आणि या पंधरांपैकी बहुतेकांच्या नावावर अभंग आहेत. एका घरात इतक्या कवयित्री महाराष्ट्रात दुसरीकडे सापडायच्या नाहीत. शिंप्याच्या घरात दिवसभर कापड फाडायचं, रात्री अभंग जोडायचे, असं ते चाललं असेल.

पण पंधरा तोंडं म्हणजे पंधरा पोटं. इथेच खरी गोष्ट सुरू होते.

राजाईच्या नावे असलेले अभंग वाचले की काळजात चर्र होतं. घरात दाणा नाही, अंगावर धड वस्त्र नाही, लेकरं उपाशी, आणि घरधनी वाळवंटात टाळ घेऊन नाचून राहिला. गोणाई देवाशी भांडली. राजाईनं दुसरी वाट धरली. ती गेली रुक्मिणीकडे. एका बाईनं दुसऱ्या बाईला जाऊन सांगावं, तुझ्या नवऱ्यानं माझ्या नवऱ्याला वेड लावलं, त्याला जरा समजाव, अशा थाटात. आता आपण विदर्भातल्या लोकांनी एक ध्यानात घ्यावं. ही रुक्मिणी आपली. वर्धा नदीकाठच्या कौंडिण्यपूरची लेक, तिची पालखी आजही तिथून दरवर्षी पंढरीला जाते. राजाईनं आपलं गाऱ्हाणं नेलं ते आपल्या माहेरच्या लेकीपाशी. तिलाही नवऱ्यावर रुसून दिंडीरवनात बसायचा अनुभव होताच.

राजाईला आपले कीर्तनकार पुष्कळदा भांडकुदळ करून टाकतात. लोक हसतात, पुढे जातात. मला ते पटत नाही. आपल्याकडे आषाढी येते तेव्हाच नेमका पाऊस पडलेला असतो. धानाचे पऱ्हे टाकायचे असतात, कपाशीचं डोबणं राहिलेलं असतं, पोरांच्या शाळा उघडलेल्या असतात, पुस्तकं-दप्तरं घ्यायची असतात. अशा वेळी घरचा कर्ता माणूस पताका खांद्यावर घेऊन महिनाभर निघून जातो. खाणीतला माणूस रजा टाकून जातो, त्याचा पगार कापला जातो. मागे घर कोण ओढतं? शंभर वर्षं ही दिंडी चालली ती वाटेवर चालणाऱ्यांच्या पायांवर जितकी, तितकीच मागे राहिलेल्या राजाईंच्या पाठीवर. या अंकात विणेकऱ्यांची, चोपदारांची नावं येतील. त्यांच्या घरच्यांची येणार नाहीत, जागा पुरायची नाही. म्हणून राजाईचं नाव इथे जरा मोठ्यानं घेतो.

महिपतींनी १७६२ साली भक्तविजय पुरा केला, त्यात परिसाची कथा आहे. पंढरपुरातच परिसा भागवत नावाचे गृहस्थ होते. त्यांना परीस मिळाला होता, लोखंडाचं सोनं करणारा. घरात सुबत्ता. त्यांच्या बायकोची आणि राजाईची मैत्री. राजाईचे हाल पाहून तिनं गुपचूप परीस दिला, थोडं सोनं करून घे आणि परत आणून दे म्हणून. राजाईनं केलं. त्या दिवशी घरात चूल नीट पेटली, पोरांच्या ताटात अन्न पडलं. नामदेव घरी आले, हे कुठून आलं विचारलं, परीस पाहिला, उचलला, आणि चंद्रभागेच्या डोहात टाकून दिला.

ही कथा आपण वैराग्याची म्हणून सांगतो. पण त्या दोन बायकांचं काय झालं असेल? एकीनं विश्वासानं दिलेली वस्तू, दुसरीनं लेकरांसाठी घेतलेली. परिसा भागवत चिडले, चोरीचा आळ घेतला, सगळं गाव गोळा झालं. तेव्हा नामदेवांनी डोहात बुडी मारून ओंजळभर खडे वर काढले आणि यातला तुमचा ओळखून घ्या म्हणाले. लावावा तो खडा परीस. परिसा भागवतांचा ताठा तिथेच उतरला. पुढे ते नामदेवांचे जिवलग झाले, त्यांचे अभंगही गाथ्यात आहेत. भांडायला आलेला माणूस सोबती होऊन जाणं हे नामदेवांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसतं. राजाईच्या घरात मात्र त्या रात्री काय शिजलं ते महिपती सांगत नाहीत.

दुसरी कथा केशवशेटीची. नामदेव घरी नसताना एक सावकार दारात येतो, आपण नामदेवांचे मित्र केशवशेट म्हणून सांगतो, मोहरांनी भरलेलं पोतं राजाईच्या हवाली करतो. तो कोण ते ऐकणाऱ्याला आधीच कळतं. नामदेवांनी तेही वाटून टाकलं. पण देवानं घरात शिरताना स्वतःला मित्र म्हणवून घेतलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता मित्रांकडे येतो. नामदेव ज्ञानेश्वर माउलींपेक्षा वयानं पाच वर्षांनी मोठे. माउलींचा जन्म १२७५ चा धरतात. एक पंढरीचा शिंपी, दुसरा आळंदीच्या संन्याशाचा वाळीत टाकलेला मुलगा. गोरोबाकाकांच्या घरी, तेर गावी संतांची बैठक भरली. मुक्ताबाईनं विचारलं, ही मडकी भाजलेली की कच्ची, आणि काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं. सगळे गप्प राहिले, नामदेव रागावले. कच्चं ठरलं ते एकटं नामदेवांचं मडकं. हा अपमान घेऊन ते देवाकडे गेले, देवानं त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवलं, औंढ्या नागनाथाला. पिंडीवर पाय ठेवून झोपलेल्या विसोबांची कथा तिथली. ज्या पोरांनी हिणवलं त्यांच्यावर नामदेवांनी डूख धरला नाही. उलट पुढचं आयुष्य त्याच पोरांच्या आठवणी सांगण्यात घातलं.

माउलींना तीर्थयात्रेला जायचं होतं. सोबत कोण? त्यांना नामदेवच पाहिजे होते. नामदेवांना पंढरी सोडवत नव्हती. शेवटी देवानंच हात धरून माउलींच्या हाती दिला, असं तीर्थावळीच्या अभंगांत आहे. दोघं चालत गेले. वाटेत मारवाडच्या वाळवंटात तहान लागली तेव्हा विहीर खोल. माउली योगबळानं खाली उतरून पाणी पिऊन आले, नामदेवांसाठीही आणतो म्हणाले. नामदेव काठावर बसून हाका मारत राहिले आणि विहीर भरून वाहू लागली. दोन मित्रांचे दोन स्वभाव या एका कथेत येतात. एक शांत, खोल उतरणारा. दुसरा काठावर बसून रडणारा.

आणि मग शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी. इ. स. १२९६. माउली एकवीस वर्षांचे, नामदेव सव्वीसचे.

त्या दिवसाचा सविस्तर वृत्तांत आपल्याला आहे तो नामदेवांमुळे. समाधी प्रकरण म्हणून जे अभंग आहेत ते नामदेवांचे. आळंदीच्या सोहळ्यात ते ऐकताना अजून लोकांना हुंदके आवरत नाहीत. त्यात एक बारीक गोष्ट आहे. समाधीची जागा झाडायला कोण गेलं? नारा, विठा, गोंदा, महादा. नामदेवांनी आपल्या चारी पोरांना पाठवलं. बाप सव्वीस वर्षांचा म्हणजे पोरं केवढाली असणार? हातात झाडण्या घेतलेली चार लेकरं. ज्या घराकडे लक्ष नाही म्हणून राजाई रडायची, ते घर नामदेवांनी मित्राच्या शेवटच्या कामाला अख्खं जुंपलं. घर आणि मैत्री अशी दोन खाती त्यांच्या वहीत नव्हती. राजाईचं दुखणं तेच होतं आणि नामदेवांची थोरवीही तीच होती, असं मला वाटतं.

त्यानंतरचं वर्ष फार वाईट गेलं. सासवडला सोपानदेव, तापीकाठी मुक्ताबाई, त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ. एकामागून एक चौघंही भावंडं गेली. प्रत्येक ठिकाणी नामदेव हजर होते, आणि प्रत्येकाची कथा त्यांनी लिहून ठेवली. मराठीत माणसाचं चरित्र लिहायला सुरुवात करणाऱ्यांत नामदेव अगदी पुढचे. विद्वान लोक त्याला आद्य चरित्रकार वगैरे म्हणतात, खरंच आहे. पण लिहिताना त्यांच्या मनात हे काही नसणार. सोबती गेले, आठवण तेवढी हातात उरली, ती कोणाला तरी सांगायची होती.

माउलींच्या नंतर नामदेव चोपन्न वर्षं जगले. हा आकडा ऐकून कधी थांबलात का? मैत्री होती थोडक्या वर्षांची, तिच्यामागून जगणं चोपन्न वर्षांचं.

त्या काळात ते उत्तरेला गेले. पंजाबात बराच काळ राहिले, हिंदीत पदं रचली. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदं आहेत आणि रोज त्यांना मस्तक टेकवलं जातं. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी त्यांचं स्थान आहे, माघात तिथे मोठा मेळा भरतो. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला झालं, अध्यक्ष तुकोबारायांच्या वंशातले डॉ. सदानंद मोरे. पंजाबातले लोक म्हणतात बाबा नामदेव आमच्याकडेच गेले. आपण म्हणतो पंढरीच्या महाद्वारात. चांगल्या माणसावर दोन घरं हक्क सांगतात, त्यात वाईट काय आहे?

म्हातारपणातली एक गोष्ट मात्र पंढरपूरचीच आहे आणि ती न सांगता पुढे जाता येत नाही. चोखामेळा नामदेवांचे जिवलग, त्यांनाच गुरू मानणारे. मंगळवेढ्याचे. देवळाच्या बाहेर उभं राहून दर्शन घ्यायचं, कळसाला हात जोडायचे, आत पाऊल टाकायचं नाही, हे त्यांचं नशीब नव्हे, आपण लोकांनी त्यांच्यावर केलेला अन्याय. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू होतं. वेठीला धरलेली माणसं भिंत बांधत होती, त्यात चोखोबा. भिंत कोसळली. कित्येक दिवस ती माणसं ढिगाऱ्याखालीच राहिली. उचलायला कोण येणार होतं?

नामदेव गेले. परंपरेच्या हिशोबानं अडुसष्ट वर्षांचा म्हातारा पंढरीहून मंगळवेढ्याला गेला. ढिगाऱ्याखाली सगळ्यांची हाडं एक झालेली. त्यातली चोखोबांची कोणती ते कसं ओळखायचं? कथा सांगते, नामदेव एकेक हाड उचलून कानाला लावत होते. ज्यातून विठ्ठलनामाचा आवाज येई ते पदरात घेत होते. चमत्कार बाजूला ठेवा, तरी काय उरतं बघा. ज्याला लोक जिवंतपणी शिवत नव्हते त्याची हाडं एक म्हातारा मित्र कानाशी धरतो आहे. आपल्याकडे खाण आहे. ढिगाऱ्याखाली माणूस राहणं म्हणजे काय आणि वर थांबलेल्यांचं काय होतं, हे कन्हान भागातल्या घरांना वेगळं समजवावं लागत नाही.

ती हाडं पंढरीला आणून महाद्वारासमोर चोखोबांची समाधी बांधली. देवळाच्या अगदी तोंडाशी. त्याच महाद्वारात नामदेवांनी स्वतःसाठी पायरीची जागा निवडली. आत गाभाऱ्याजवळ मागितली असती तर कोण नाही म्हणालं असतं? त्यांनी उंबऱ्याशी जागा घेतली, चोखोबांच्या समोरची. पुढे सहाशे वर्षं चोखोबांचे भाऊबंद समाधीपर्यंतच येत राहिले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं तेव्हा कुठे तो दरवाजा सर्वांना उघडला. आपल्या दिंडीतली माणसं आज समाधीला हात लावून, पायरी चुकवून, सगळी मिळून आत जातात. मध्ये फारतर दहा-वीस पावलांचं अंतर आहे.

आषाढ वद्य त्रयोदशी, शके १२७२, इ. स. १३५०. नामदेवांनी महाद्वारात देह ठेवला. परंपरा सांगते, एकटे नाही. घरातली सगळी माणसं, जनाबाईसुद्धा, त्यांच्याबरोबर गेली, एकूण चौदा. ऐंशी वर्षांच्या मुलाबरोबर आईबापही होते म्हणतात, त्यामुळे वयाचा हिशोब बसत नाही आणि इतिहासवाले मान हलवतात. हलवू द्या. लोकांनी नामदेवांना घरापासून वेगळं काढायला नकार दिला, एवढं त्यातून नक्की कळतं. जन्मभर घराकडे पाहत नाही म्हणून ज्याला बोल लागले, त्याच्या पायरीखाली लोकांनी अख्खं घर ठेवलं.

पंधरातून चौदा गेले, मागे राहिली थोरली सून लाडाई. ती बाळंतपणाला माहेरी होती. तिकडे तिला बातमी कळली. सासू नाही, सासरा नाही, नवरा नाही, दीर-जावा नाहीत. आपल्याला का मागे ठेवलं, असा तिचा आक्रोश तिच्या नावे असलेल्या अभंगात आहे. पोटातलं मूल होतं म्हणून ती राहिली. त्या मुलापासून वंश चालला असं मानतात, आणि पंढरपूरची नामदास घराणी आपली परंपरा नामदेवांपर्यंत नेतात.

ही नामदास मंडळी दरवर्षी कार्तिकी झाली की नामदेवरायांच्या पादुका घेऊन पंढरीहून आळंदीला जातात, विठ्ठलाच्या पादुकाही बरोबर असतात. वद्य त्रयोदशीच्या दुपारी माउलींच्या देवळात वीणामंडपात कीर्तन होतं, ते करायचा मान त्यांचा. समाधीचेच अभंग घेतात. माध्यान्हीला घंटा वाजते, फुलं उधळली जातात, आणि सांगणाऱ्याचा गळा दाटून येतो.